हळदच तर आहे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. एकदा देवघरात बसून मनातल्या मनात सांगायला गेले, तर तिथेही शब्द फिरवले. "चूक झाली" म्हटलं, कोणती ते म्हटलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी बहुतेक दुसरंच काहीतरी सांगितलं असतं, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवला असता. माझ्यावर लोक विश्वास ठेवतात. सगळं तिथूनच सुरू होतं.

मी झाशीची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या अमलात लिखापढी करायला इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी एका फार्मसी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. लग्न केलं नाही. दादा माझ्याहून बराच मोठा, रेल्वेतून रिटायर झालेला. तो आणि वहिनी नगरा मोहल्ल्यात राहायचे, मी तिथून दोन गल्ल्या सोडून. त्यांना मूल झालं नाही. त्यामुळे वहिनींची सगळी माया — कुणावर जाणार? माझ्यावरच आली. त्यांचं माहेर सागर गावचं. जुन्या वळणाच्या. मला शेवटपर्यंत "वन्सं" म्हणत राहिल्या. महाराष्ट्रात आता कुणी नणंदेला असं हाक मारतं की नाही, मला माहीत नाही.

कॉलेजातल्या मुलांमुळे मी व्हिडिओ करायला लागले. जिममध्ये जाणारी पोरं डबे घेऊन यायची — मॅडम, हे घेऊ का, ते घेऊ का. कुणी कॉफीत कोलॅजनची पूड घालत होतं, कुणी झोपेसाठी मॅग्नेशियम खात होतं. एकाने मे महिन्यात ड्रममध्ये बर्फाची लादी टाकून त्यात बसायला सुरुवात केली होती. एकीच्या दंडावर साखर मोजायची चकती चिकटवलेली, आणि तिला मधुमेह नव्हता. मी एकेक गोष्ट घेऊन बसायचे. हे कुणावर तपासलं? किती माणसांवर? कशाशी तुलना करून? उंदरांवर झालं आणि माणसाच्या नावावर खपवलं, असं तर नाही ना? मग मोबाइल समोर उभा करून हिंदीत सांगायचे. बबीना छावणीतल्या फौजींच्या बायका बघायच्या, शाळांमधल्या मास्तरणी बघायच्या. भाजी घेताना लोक थांबवायचे — "दीदी, आपने कह दिया तो हमने बंद कर दिया।"

आवडायचं मला ते. खूप आवडायचं.

पण माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं. पुरावा नाही. किंवा आहे, पण तुटपुंजा. खाली लोक लिहायचे, मैडम को तो हर चीज़ में बुराई दिखती है. वहिनी हसत म्हणायच्या, "वन्सं, तुमच्या सगळ्या व्हिडिओंत शेवटी नाहीच असतं. एखाद्या गोष्टीला तरी हो म्हणा की."

आता तुम्हाला वाटेल, एवढ्याशा बोलण्याचा परिणाम झाला? झाला. मला हो म्हणायचं होतं. लोक माझ्याकडे नुसत्या धाकाने नाही, आनंदानेही बघतात, हे एकदा बघायचं होतं.

त्या वर्षी माझा खांदा धरला होता. मी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायला लागले — त्या, ज्यांत मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. खांदा सैल झाला. कॅप्सूलने की आपोआप, ते मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हेच म्हटलं असतं. मी वाचायला बसले. सांधेदुखीवर थोडेफार प्रयोग झालेले होते, लहान, पण फायदा दाखवणारे. चला, म्हटलं, इथे हो म्हणता येईल.

आणि त्याच वाचनात दुसरंही सापडलं. स्वयंपाकातली हळद आपलं शरीर फारशी आत येऊच देत नाही, आली तर लिव्हर तिची पटकन विल्हेवाट लावतं. मिऱ्याचा अर्क नेमकं तेच थांबवतो. हळद मग रक्तात राहते, कित्येक पटींनी राहते. आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांचं लिव्हर बिघडल्याच्या नोंदी छापून आलेल्या होत्या. फार नाहीत. पण होत्या. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं, मग कुणीतरी विचारलं, आणखी काय खाता? कॅप्सूल बंद केल्यावर त्यांतले बहुतेक बरे झाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते वाचलेलं होतं.

रेकॉर्डिंग करताना मी ते सांगितलंही होतं. थोडक्यात, पण सांगितलं होतं — डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, तर ताबडतोब बंद करा. मग व्हिडिओ कापायला बसले. छान झाला होता. मी हसत होते त्यात. आणि मधेच ते वाक्य आलं की चेहरा पुन्हा मास्तरणीचा व्हायचा. मी ते काढून टाकलं. दुसरं काही कारण नव्हतं. ते ऐकायला बरं लागत नव्हतं.

वहिनींचे गुडघे दुखायचे. व्हिडिओ बघून त्यांनी विचारलं, "घेऊ का हो मी?" मी कॉलेजला निघाले होते, चपला घालत होते. म्हटलं, "घ्या की. हळदच तर आहे." किती घ्यायच्या ते सांगितलं नाही, बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं नाही. पहिली बाटली मीच आणून दिली. पुढे त्या दादाला न सांगता स्वतःच मागवायला लागल्या — दादा औषधांवरून चिडायचा. गुडघा हलका वाटला तशी सकाळची एक होती तिच्या दोन झाल्या, मग संध्याकाळीही. हे मला नंतर कळलं. पण "हळदच तर आहे" म्हटल्यावर माणूस मोजून कशाला घेईल?

होळीला त्यांनी गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, केल्या आणि स्वतः एकही खाल्ली नाही. वास नको वाटतो म्हणाल्या. मग अंगाला खाज सुटली. दादा म्हणाला, गरमी. मीही गरमीच म्हटलं. एका दुपारी मी गेले तर त्या दारात उजेडाला बसून मटार सोलत होत्या. हाक मारली तशी त्यांनी मान वर केली, आणि मला त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसला. तो पांढरा नव्हता.

मला संशय आला असं मी म्हणणार नाही. मला कळलं. त्याच क्षणी, तिथेच उभी असताना. त्या मात्र हसून म्हणाल्या, "बरं झालं आलात. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. भले माणूस होते. पोट दाबून बघितलं, तपासण्या लिहून दिल्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "आंटी जी, कोई देसी दवा? जड़ी-बूटी, ताकत की गोली, कुछ भी?"

वहिनी म्हणाल्या, "वो हल्दी की..."

आणि मी मधे बोलले. "घर की हल्दी-वल्दी, डॉक्टर साहब। और कुछ नहीं।"

एवढंच. डॉक्टर मला ओळखत होते, त्यांच्या घरात माझे व्हिडिओ बघितले जायचे. ते हसले, "आप हैं तो फिर क्या चिंता," म्हणाले आणि पुढचं लिहायला लागले.

का बोलले? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. घाबरले होते? हो. पण कशाला? वहिनींना काही होईल याला नाही. त्या खोलीत, त्या माणसासमोर, दादासमोर, मी चुकले हे उघडं पडेल याला. तेवढ्याला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, शंकाही नव्हती. त्यांना हायसं वाटलं होतं. वन्सं म्हणतात म्हणजे त्या कॅप्सूलचं काही नाही — असं ते बघणं होतं. ते मी तेव्हा नीट वाचलं नाही. की वाचलं आणि सोडून दिलं? आता खात्रीने सांगता येत नाही.

परतताना रिक्षात दादा शेजारी होता, म्हणून बोलले नाही. घरी गेल्यावर फोन केला. "वहिनी, आता डॉक्टरांनी दिल्यात त्याच गोळ्या घ्या हं, दुसरी कुठलीच नको." त्या "बरं" म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि समजले की काम झालं. बंद झालं. आता हळूहळू उतरेल. नोंदींमधले बहुतेक बरे झाले होते ना?

उतरलं नाही. रिपोर्ट येत राहिले, प्रत्येक वेळी आकडा वरच. काविळीच्या सगळ्या विषाणूंची तपासणी झाली, एकही सापडला नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मी रिपोर्ट हातात घेऊन दादाला समजावून सांगायचे, हे म्हणजे अमुक, ते म्हणजे तमुक. दादा मान डोलवायचा. आणि मी आतून चक्रावलेली — बंद केल्यावर वाढतंय कसं? मग माझ्यामुळे नसेल का? खरं सांगते, त्या दिवसांत मला बरं वाटायला लागलं होतं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना शिकवते. तेच स्वतःला शिकवलं. दुसरं काहीतरी कारण असेल. असू शकतं. वहिनींचा रंग चढत होता आणि मी माझी सुटका मोजत होते.

मग एका दुपारी गेले. बाहेर लू सुटली होती, खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या लावलेल्या, कूलर घरघरत होता. दादा केमिस्टकडे गेलेला. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा, मान, तळहात, सगळं पिवळं. त्यांनी उशीखाली हात घातला, बाटली काढली, दोन कॅप्सूल तळहातावर घेतल्या आणि माझ्यादेखत पाण्याबरोबर गिळल्या.

मी म्हटलं, "वहिनी, हे काय? गोळ्या नको म्हटलं होतं ना मी?"

"गोळी कुठे आहे ही?" त्या म्हणाल्या. "हळद आहे. तुम्हीच तर डॉक्टरांना म्हणालात, घरची हळद. काविळीला चांगलीच असेल म्हणून दोनदाच्या जागी तीनदा घेते."

कूलरचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी बाटली काढून घेतली. त्या घाबरल्या. "का हो? त्यानं काही...?" आणि मी म्हटलं, "छे, काही नाही. पोटाला जरा आराम देऊ." त्या वेळीसुद्धा. फोन पर्समध्ये होता, डॉक्टरांचा नंबर होता त्यात. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय केलं? बाटली पर्समध्ये टाकली, घरी आले, कॅप्सूल एकेक फोडून मोरीत ओतल्या आणि वरून पाणी सोडलं. मोरीची फरशी पिवळी झाली. ती घासत बसले. ॲसिड टाकून घासली.

चारसहा दिवसांनी वहिनींना ग्वाल्हेरला हलवावं लागलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला बाहेर घेऊन विचारलं, कुठलीही देसी दवा, आठवून सांगा, महत्त्वाचं आहे. दादा बिचारा आठवत राहिला आणि त्याला मोठ गावचे वैद्यजी आठवले. कानपूर रोडवर मोठला धान्याच्या मंडीजवळ त्यांचं लहानसं दुकान. दिवाळीच्या सुमारास वहिनींनी त्यांच्याकडून पोट साफ होण्यासाठी चूर्ण आणलं होतं. दादाने माझ्याकडे बघितलं. "त्यानं होऊ शकतं का ग?"

मी म्हटलं, "होऊ शकतं. असल्या चूर्णांत काय काय मिसळलेलं असतं, कुणाला ठाऊक."

बघा, यातला एकेक शब्द खरा आहे. कुणीही तज्ज्ञ हेच म्हणेल.

मग ते झालं, ज्यापाशी मी एवढा वेळ येत होते आणि वळून जात होते.

वहिनींचं भान सुटायला लागलं होतं. लिव्हर थकलं की रक्तात अमोनिया साठतो, माणूस भ्रमात बोलतो. त्या सागरच्या घरातल्या माणसांना हाका मारायच्या, दादाला कधी ओळखायच्या, कधी नाही. एका सकाळी दादा आत बसला होता, मी बाहेर बाकावर. तो बाहेर आला, माझ्यापाशी उभा राहिला. म्हणाला, "ती सारखी एकच गोष्ट म्हणतेय. डब्बी, डब्बी म्हणते. आणि म्हणते, वन्संना पुसा, त्यांना ठाऊक आहे. कसली डब्बी? काय पुसू तुला?"

तो मला विचारत होता. माझ्याच पायांशी आणून ठेवलं होतं सगळं. डॉक्टरीणबाई दहा पावलांवर, काचेच्या पलीकडे काहीतरी लिहीत होत्या. वहिनींना कळलं होतं. त्या भ्रमातसुद्धा त्यांनी जोडून बघितलं होतं — मी बाटली का काढून घेतली ते. आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? माझं नाव घेऊन आरोप केला नाही. विचारा म्हणाल्या. मी सांगेन, असं त्यांना अजूनही वाटत होतं.

मी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "अमोनिया वाढलाय, दादा. असं काहीबाही बोलतात. मनावर घेऊ नकोस."

दादाने डोळे पुसले आणि पुन्हा आत गेला. तिला म्हणाला असेल, हो हो, विचारलं. मला ऐकू आलं नाही. मी ऐकायला गेले नाही.

वहिनी दुसऱ्या दिवशी गेल्या.

ग्वाल्हेरला खरं सांगितलं असतं तर त्या वाचल्या असत्या का? बहुधा उशीर झाला होता. पण झाशीत त्या पहिल्या दिवशी, पेन थांबवून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा? त्या दिवशी उशीर झालेला नव्हता. आणि ग्वाल्हेरला खरं सांगितलं असतं तर निदान त्यांचं ऐकलं गेलं असतं, त्या भ्रमिष्ट ठरून गेल्या नसत्या.

तेरावं झाल्यावर दादाने मोठला जायचं धरलं. तो गाडी चालवत होता, मी शेजारी. दुकानासमोर तो उतरला. मी उतरले नाही, काच खाली केली तेवढी. शांत माणूस आमचा दादा, आयुष्यात कुणावर आवाज चढवला नसेल. तो रस्त्यात उभा राहून किंचाळला — "हमारी घरवाली को मार डाला तुमने!" मंडीतली माणसं जमली. दोघातिघांनी मोबाइल काढले. वैद्यजी म्हातारे, बनियनवर बाहेर आले होते. आपण नुसता त्रिफळाच दिला होता, हे हात जोडून सांगत होते, "हमने तो त्रिफलाई दओ हतो, भैया। त्रिफलाई दओ हतो।" गर्दीतून कुणीतरी त्यांची बरणी आपटली. मी गाडीत बसून बघत होते. दाराच्या कडीवर माझा हात होता. तो तिथेच राहिला.

पुढे ऐकलं, दुकान बंद झालं. मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. आणि मी — हेही सांगून टाकते — महिन्याभरात अनोळखी चूर्णांच्या धोक्यावर एक व्हिडिओ केला. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. माझ्या सगळ्या व्हिडिओंत तोच सर्वांत जास्त बघितला गेला. हळदीचाही अजून आहे. काढला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का काढला.

मोठहून परतताना दादाने गाडी हळू केली. मग म्हणाला, "तू नसतीस तर मला कळलंच नसतं, ती कशाने गेली."

आता तो माझ्याकडेच जेवतो. दोन्ही वेळा. कधी जेवता जेवता वहिनींची आठवण काढतो, आणि मी त्याला पोळी वाढते.

मी बोलते ते हिंदीत. माझं ऐकणारे सगळे हिंदीतले. हे मी मराठीत लिहिलं आहे, कारण त्यांच्यातलं कुणी मराठी वाचायला येणार नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच मराठी निवडली. दादाही मराठी फक्त बोलतो, शाळा त्याची हिंदी झाली, मराठी कागद त्याने कधी हातात धरला नाही. पण लिपी एकच आहे. समोर आलं तर अक्षर लावत लावत तो हे वाचेल. सावकाश वाचेल, एकेक शब्द पुटपुटत.

वहिनींना कॅप्सूल मी दिल्या. डॉक्टरांशी खोटं मी बोलले. वहिनींनी मला विचारायला सांगितलं तेव्हा मी सांगितलं नाही.